डोळे झाकलेला हत्ती

अंबुबाईच्या अंगठ्याला आता ठसा उरलेला नाही. रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा टेकवला की मशीन गप्प बसून राहतं. दुकानदार म्हणतो, "मावशी, दुसरं बोट." दुसऱ्या बोटाचीही तीच गत. सगळी बोटं फिरवून झाली की करंगळीवर कुठंतरी जमून जातं. मागं उभ्या असलेल्या बायका चुळबुळ करतात, तर अंबुबाई सांगते, "टेपनं खाल्ला बाई अंगठा. धान्य तेवढं खायाचं ऱ्हायलंय."

चाकणच्या पट्ट्यात आतल्या रस्त्याला एक लांबलचक पत्र्याचं शेड आहे. मोठ्या कंपन्यांचे लोखंडी पार्ट तिथं रंगायला येतात. शेडच्या एका तोंडाशी पार्ट आकड्याला टांगायचा. तो साखळीवरून पुढं सरकतो, धुतला जातो, रंगाच्या खोलीत जातो, भट्टीत भाजतो आणि शेडच्या पार दुसऱ्या टोकाला बाहेर येतो. पण प्रत्येक पार्टला काही जागा अशा असतात की तिथं रंग लागूच द्यायचा नाही. बोल्टाचे आटे, भोकं, एकमेकांवर घासणाऱ्या कडा. त्या जागा टेप लावून आधी झाकायच्या. ते काम बायकांचं. रंगाची गन पुरुषांच्या हातात. अंबुबाई लाइनच्या तोंडाशी उभी राहून झाकायचं काम करते. नवरा गेला तेव्हा मुलगा ज्ञानेश शाळेत होता, तेव्हापासून.

इतकी वर्षं ती रंगाच्या शेडमध्ये आहे, पण तिनं कशालाही कधी रंग दिलेला नाही. हे ज्ञानेशला ठाऊक होतं. त्याची बायको वर्षाली हिला मात्र ठाऊक नव्हतं. लग्न ठरताना ज्ञानेश म्हणाला होता, "आई पेंट शॉपला आहे." खोटं नव्हतं ते. पण वर्षालीच्या डोक्यात तेव्हापासून सासू म्हणजे पेंटर, हे पक्कं बसलं होतं, आणि कुणी ते हलवलं नाही. अंबुबाईनंही नाही. कुणीतरी आपल्याला एवढं समजतंय तर समजू दे, असं तिला वाटत असणार.

ज्ञानेशचा फ्लॅट पुनावळ्याला, तळमजल्यावर. मागच्या दाराबाहेर अंगणाएवढी मोकळी जागा आहे. वर्षालीनं ती हौसेनं सजवलेली. खाली लाकडासारख्या फरशा, दोन वेताच्या खुर्च्या, मातीच्या रंगाच्या कुंड्या. आणि मधोमध अंबुबाईनं आणलेला हत्ती. निळंशार अंग, लालभडक सोंड, शेपटाकडून पिवळ्याजर्द पायऱ्या. पायऱ्या चढून वर जायचं आणि सोंडेवरून घसरत खाली यायचं. नातीच्या, योगिनीच्या वाढदिवसाला तिनं तो चिंचवडच्या एका प्लास्टिकवाल्याकडून पसंत केला होता आणि टेम्पोत मागं बसून, सोंड कवटाळून, पुनावळ्यापर्यंत आणला होता.

पावसाळा सरता सरता एका रविवारी वर्षाली चहा देताना म्हणाली, "आई, एक विचारू? रागावू नका पण."

"इचार की."

"हा हत्ती थोडा सटल करता येईल का?"

"काय करता यील?"

"म्हणजे शांत. जरा फिका. माझी मीटिंग चालू असते ना, तर माझ्या पाठीमागे हाच दिसतो. ऑफिसातले विचारतात, बालवाडी काढलीस का."

"मंग दिऊन टाक कुणाला तरी. वॉचमनचं पोरगं हाय की."

"देऊन कसा टाकू? तुम्ही आणलाय. आणि तिचा जीव आहे त्याच्यावर. द्यायचा नाही म्हणूनच तर विचारते. पूर्ण हत्तीला वाळूसारखा एखादा रंग, चमक नसलेला. तुम्हाला काय, हातचं काम आहे. रोज तेच करता."

अंबुबाईनं ज्ञानेशकडं पाहिलं. तो मोबाइलमध्ये तोंड घालून बसला होता. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

"बघू," अंबुबाई म्हणाली.

हे 'बघू' ती हल्ली त्या घरात वरचेवर म्हणायची. योगिनीला सांभाळणाऱ्या पाळणाघराच्या बाई दिवाळीनंतर नाशिकला लेकाकडं निघाल्या होत्या. ज्ञानेश आईच्या मागं लागला होता. आता बास कर, नोकरी सोड, निगडीची खोली भाड्यानं दे आणि इकडं ये. शरीर म्हणत होतं, जा. दिवसभर उभं राहून गुडघ्यात कळा येत. मान वाकवून वाकवून अशी धरली होती की बसमध्ये बसल्यावर सरळ करायची तर हातानं उचलून करावी लागे. कंपनीची बस चाकणच्या चौकात अडकून पडे तेव्हा बाकीच्या बायका वैतागत. अंबुबाईला बरं वाटे. तेवढीच झोप.

पण मन धजत नव्हतं. वर्षाली वाईट नव्हती. कधी वाकडा शब्द नाही. ते घरच तसं होतं. भिंती दुधाच्या, पडदे राखेचे, सोफा वाळूचा. शेडातल्या भाग्यश्रीला ती एकदा म्हणाली होती, "त्या घरात मी पाय ठिवला की मीच आधी दिसती बग." आता हत्तीचंही तेच झालं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं. हत्ती नीट रंगला, तर जायचं. बिघडला, तर आपली टेप बरी आणि आपली निगडी बरी.

शेडात जेवायच्या सुट्टीत तिनं गनवाल्या विलासला गाठलं. विलास म्हणजे शेडातला सगळ्यात जुना फवारणीवाला, जिभेचा फटकळ.

"प्लास्टिकला रंग कसा धरंल रं?"

"कशाला? तुम्हाला कशाला पाहिजे?"

"हत्ती रंगवायचाय."

विलासनं घास तसाच हातात धरला. "मावशी हत्ती रंगवणार. मग उद्यापासून माझी गन घ्या, मी टेप लावत बसतो तोंडाशी."

"तुझ्यानं व्हायचं न्हाई. बोटाला टेप चिकटून बसशील."

बायका हसल्या. पण विलासनं सांगितलं सगळं नीट. आधी पॉलिश पेपर मारून चमक घालवा, साबणानं धुवा, पूर्ण वाळू द्या. मग प्लास्टिकचा प्रायमर, मग रंग. गन कशाला, डबे मिळतात फवारायचे. "आणि हात थांबवायचा नाही. हात थांबला की ओघळ आला समजा. येताना चालू, जाताना चालू."

"आन् भीती वाटली तर?"

"तरी चालू."

पुढच्या रविवारी ती सकाळीच निघाली. निगडीहून डांगे चौक, तिथून शेअर रिक्षा. पिशवीत आकुर्डीच्या हार्डवेअरवाल्याकडून घेतलेले डबे, पॉलिश पेपर, आणि तिची रोजची टेप. टेपचा गुंडा तिच्या पिशवीत कायमच असतो. बाकीच्या बाया टिकलीचं पाकीट ठेवतात तसा.

वर्षाली योगिनीला घेऊन आतल्या खोलीत बसली, वासाचा त्रास नको म्हणून. ज्ञानेशनं खाली कागद अंथरून दिले आणि हळूच म्हणाला, "आई, तुला जमेल ना गं?"

"आता इचारतूस व्हय?"

तो आत निघून गेला.

घासायचं काम तिला जड गेलं नाही. धुऊन, वाळवून झाल्यावर तिनं टेप काढली आणि मग मात्र तिचे हात आपोआप चालायला लागले. पहिल्यांदा बोल्ट. हत्तीचे पाय ज्या बोल्टांनी जोडले होते त्यांची एकेक टोपी तिनं झाकली, कारण बोल्टाला रंग लागू देणं हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. मग हत्तीचे डोळे. पांढऱ्या गोलात काळं बुबुळ. टेप लावून ब्लेडनं तिनं कड अशी गोल फिरवली की वरून बोट फिरवलं तरी कळू नये. शेवटी सोंड. सोंडेच्या मधल्या घसरायच्या पट्ट्याकडं ती कितीतरी वेळ बघत राहिली. वर्षालीनं पूर्ण हत्ती म्हटलं होतं. पण पोरगी रोज बूड घासत खाली येणार, तिथं कुठला रंग टिकायचा? तिनं तो पट्टाही वरपासून खालपर्यंत झाकून टाकला. सांगू नंतर, म्हणाली.

मग डबा हातात घेतला. हलवला की आतली गोळी खडखडायची. पदर नाकाला बांधला. पहिल्यांदा दाबताना तिनं डोळे मिटले. उघडून बघते तो हत्तीच्या पाठीवर धुक्यासारखा एक फिकट पट्टा उठला होता. हात थांबवायचा नाही. येताना चालू, जाताना चालू. मानेतून कळ निघाली तरी तिनं हात थांबवला नाही. एका कानामागं थोडा ओघळ आला, तेवढाच. प्रायमर वाळला, मग रंग, मग पुन्हा रंग. उन्हं कलायच्या आत हत्ती ओल्या वाळूचा झाला होता.

वर्षाली दारात येऊन उभी राहिली. "आई, मस्त झालाय हो. एकदम मला पाहिजे होता तसा."

अंबुबाईला इतकं थकायला झालं होतं की आनंद व्हायलाही अंगात काही शिल्लक नव्हतं. "हात लावू नगा कुणी," एवढंच ती म्हणाली. डबे पिशवीत भरले, रिक्षात बसली आणि डांगे चौक कधी आला तेही तिला कळलं नाही.

बुधवारी जेवायच्या सुट्टीत भाग्यश्री तिच्या शेजारी येऊन बसली. भाग्यश्री शेडच्या दुसऱ्या टोकाची. लाइनच्या तोंडाशी अंबुबाईनं झाकलेलं शेपटाशी भाग्यश्री उघडते. दोघींची गाठ फक्त जेवताना पडायची.

"मावशी, हत्ती झाला म्हणे. फोटो दाखवा की."

अंबुबाईनं ज्ञानेशनं पाठवलेला फोटो काढून दिला. भाग्यश्रीनं तो बोटांनी मोठा केला.

"भारी आलाय. पण झोपलाय का हा?"

"का गं?"

"डोळे कुठे आहेत?"

"हायती की. झाकल्यात मी."

"ते दिसतंय. टेप कधी काढली?"

अंबुबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. भाग्यश्रीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना.

"मावशी, तुम्ही तोंडाकडची माणसं. झाकलं की तुमचं संपलं. पुढचं आमच्या नावावर." पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "सगळा जन्म टेप लावली, पण एकदा तरी काढली का?"

"कशाला काढीन? तुमचं काम त्ये."

"मग त्या हत्तीची टेप काढायला मीच यायची का पुनावळ्याला?"

अंबुबाई हसली नाही. ते बघून भाग्यश्रीचंही हसू विझलं. "ऐका. आमची टेप भट्टीतून गरम बाहेर येते, सहज निघते. तुमच्या टेपवर आता रंग सुकून धरलाय. नुसती ओढाल तर रंगाचं सालटं सोबत येईल. आधी ब्लेडनं कड कापायची, मग टेप आडवी ओढायची, दमानं. चिकट राहिलं तर खोबरेल."

दुपारभर अंबुबाईचे हात पार्टला टेप लावत राहिले आणि मन पुनावळ्याला फिरत राहिलं. पोरीनं नखानं उकरलं असेल. वर्षालीनं ओढून बघितलं असेल आणि सालपटं निघाली असतील. फोन कसा केला नाही मग? मनात धरून बसली असेल. साखळीवरून एकेक पार्ट पुढं जाताना ती बघत होती. हे पलीकडं कसे निघतात, त्यांचं काय होतं, हे तिनं इतक्या वर्षांत एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं. पन्नास पावलांवर तर होतं. पण आपलं टोक सोडून कोण जातं?

सुटल्यावर ती निगडीला उतरली ती घराकडं गेलीच नाही. डांगे चौकाची बस धरली.

वर्षालीनं दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता आणि डोळे चुरचुरल्यासारखे लाल होते. "आई? अशा मधल्या वारी? बरं झालं आलात. मी ज्ञानेशला रोज म्हणते, आईंना विचार ती टेप कधी काढायची. तो म्हणतो, तिची काहीतरी प्रोसेस असते, तिला बरोबर माहीत असतं."

मागच्या दाराच्या उंबऱ्यावर योगिनी हनुवटी गुडघ्यावर टेकून बसली होती. "आजी, हत्तीला दिसत नाही."

"तू खेळली न्हाईस त्येच्यावर?"

"आई म्हणाली हात नाही लावायचा. आजी आल्याशिवाय."

"हातच लावू दिला नाही मी," वर्षाली म्हणाली. "रडली दोन दिवस. म्हटलं, आजीनं सांगितलंय ना. उगीच आपण काढायला जायचो आणि तुमचं काम बिघडायचं."

अंबुबाई हत्तीसमोर उभी राहिली. सगळा कसा होता तसा होता. एक नख लागलं नव्हतं. म्हटलं असतं तर सहज खपलं असतं, की व्हय, आजच काढायची असती टेप. जीभ तिथपर्यंत आलीही होती. पण पोरगी तीन-चार दिवस उंबऱ्यावर बसून होती आणि ही बाई तिला अडवून धरत होती, ते कशाच्या भरवशावर, हे मनात आलं आणि तिला पुढं बोलवेना. ती दाराच्या पायरीवर टेकली.

"वर्षाली, मी इसारली."

"काय?"

"टेप काढायची इसारली. मी पेंटर न्हाई गं. गन कवा हातात धरली न्हाई. रंग लागू न्हाई द्यायचा ती जागा मी झाकती, बास. काढणाऱ्या बाया येगळ्या असत्यात. मला आज जेवताना एकीनं सांगितलं, तवा कळलं."

वर्षालीनं गळ्यातला हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. "ज्ञानेशला माहीत होतं?"

"त्येला माहीत हाय. त्येला बोलू नगं. मीच कवा सांगितलं न्हाई."

"मग हा हत्ती?"

"पयलाच हाय."

वर्षाली येऊन तिच्या शेजारी पायरीवर बसली. दोघी दिवसभर कामात पिळून निघालेल्या.

"आता काढायची कशी?" वर्षालीनं विचारलं.

अंबुबाईनं पिशवीतून ब्लेड काढलं. सोंडेपासून सुरुवात केली. कड कापत वरून खाली आली, टेपचं टोक धरलं आणि आडवी ओढत नेली. तिच्या ठसा नसलेल्या अंगठ्याला टोक सापडायला वेळ लागत होता. टेप निघत गेली तसा खालून लालभडक पट्टा उघडा पडत गेला. वाळूच्या हत्तीची जीभ बाहेर यावी तसा.

"हे लालच ठेवलंत?"

"तू पूर्ण म्हणलीवतीस. पण पोरगी बूड घासत यील, तितला रंग न्हाई टिकायचा. आठवड्यात चट्टं पडलं असतं. तुला सांगायचं ऱ्हायलं."

वर्षाली त्या लाल पट्ट्याकडं बघत राहिली. तिला आवडला नाही, हे तिच्या कपाळावर दिसत होतं. अंबुबाईनं ते पाहिलं आणि ती डोळ्यांकडं वळली. उजवा डोळा स्वच्छ निघाला. डाव्याला मात्र ब्लेड कडेनं नीट फिरलं नव्हतं. टेपसोबत खालच्या बाजूनं रंगाचं सालटं लांब निघून आलं आणि डोळ्याखाली निळा ओरखडा उघडा पडला. अंबुबाई ते सालटं बोटावर घेऊन तशीच उभी राहिली. नीट रंगला तर यायचं, असं तिनं ठरवलं होतं. आता याला नीट म्हणायचं की बिघडला म्हणायचं?

"हत्ती रडला," योगिनी म्हणाली. आणि मग कुणाची परवानगी न घेता पायऱ्या चढली, लाल पट्ट्यावर बसली आणि सुर्रकन खाली आली. पुन्हा चढली.

अंबुबाई म्हणाली, "डबा उरलाय निगडीला. यत्या रविवारी येऊन दुरुस्त करती. तू तंवर त्येच्यावर कायतरी टाक, मीटिंगमधी दिसाय नगं."

"राहू द्या आई." वर्षाली फरशीवरचे टेपचे तुकडे गोळा करायला वाकली. वाकता वाकता तिनं कमरेला हात लावला. "एवढ्यासाठी पुन्हा कुठे दोन-दोन वाहनं बदलत येता. राहायला आल्यावर करा सावकाश. मला कुठे एवढा जोर आहे हत्तीकडे बघत बसायला."

अंबुबाईनं बोटावरचं सालटं पदराला पुसलं. योगिनी तिसऱ्यांदा खाली आली. वरच्या मजल्यावर कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"माझी खाट कुठं टाकणार तुमी?" अंबुबाईनं विचारलं.

वर्षालीनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. मग उठली आणि मागच्या दाराला लागून असलेली खोली दाखवली. खिडकीखाली मोकळी जागा होती. तिथून अंगण दिसत होतं आणि रडका हत्ती दिसत होता.

अंबुबाईनं भिंतीला हात लावून बघितला. दुधाचा रंग, एक डाग नव्हता. "आधीच सांगून ठिवती बाई. माझी वाकळ लई लाल हाय. हिरवी ठिगळं हायती तिला."

"असू द्या," वर्षाली म्हणाली.

"आन् मी ती बदलायची न्हाई."

"मी कुठे बदला म्हटलं? बसा तुम्ही आधी. चहा टाकते."

अंबुबाई खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून फरशीवरच बसली. पाय लांब केले. चहा येईस्तोवर तिचा डोळा लागला होता. योगिनी येऊन तिच्या तोंडाजवळ वाकून बघून गेली, आणि आईला सांगायला आत पळाली की आजीनंपण डोळे झाकलेत.